डोळ्याचं प्रेशर आणि काचबिंदू : 21च्या आकड्याचं काय करायचं?

पुण्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याला आणि तिथून पुढे केळद, मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली लागतं. तोरण्याच्या परिसरातला हा मुलूख पावसाचा आणि भातखाचरांचा. कमावती पोरं पुण्या-मुंबईला, गावात मुख्यतः वयस्क माणसं. अशा गावांत डोळ्यांची तपासणी म्हटली की ती मोतीबिंदूची, हे जणू ठरलेलंच असतं. शिबिर लागतं, तक्त्यावरच्या ओळी वाचायला सांगतात, टॉर्च मारून मोतीबिंदू कितपत पिकलाय ते बघतात. ज्याचा पिकलाय त्याचं नाव ऑपरेशनच्या यादीत जातं. ज्याला तक्ता नीट वाचता आला तो 'नजर चांगली आहे' एवढं ऐकून घरी जातो.

काचबिंदूचा रुग्ण बहुधा या घरी जाणाऱ्यांतच असतो. काचबिंदूत नजर कडेकडून जाते आणि समोरचं बऱ्याच उशिरापर्यंत दिसत राहतं. तक्त्याची शेवटची ओळ वाचणारा माणूस बांधावरून चालताना ठेचकाळतो, शेजारून आलेली मोटारसायकल त्याला अंगावर आल्यावरच दिसते, आणि तो म्हणतो, वय झालं. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत मिळते. काचबिंदूत गेलेली परत मिळत नाही.

या आजाराचं कारण काय, या प्रश्नाला वैद्यकाने दीर्घकाळ एकच उत्तर दिलं: डोळ्यातला दाब. आज ते उत्तर खोटं ठरलेलं नाही, पण अपुरं ठरलं आहे. किती अपुरं, आणि त्यामुळे तपासणी नि उपचार कसे बदलायला हवेत, यावर जगभर चर्चा चालू आहे. ती नेमकी कुठवर आली आहे, ते पाहू.

दाब कुठून येतो

'बीपी नॉर्मल आहे, मग डोळ्याचं प्रेशर कसं वाढलं?' नेत्ररुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. या दोन दाबांचा थेट संबंध फार थोडा आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे त्याचा उगम. मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही छोटासा अंश, इतकं ते झिरपतं. बाहुलीतून पुढे येऊन हे पाणी रंगीत पडदा आणि पारदर्शक कॉर्निया जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून रक्तात उतरतं. नळ चालू आणि मोरीची जाळी तुंबलेली, अशी अवस्था झाली की दाब चढतो.

जाळी आतून हळूहळू निकामी होते तेव्हा त्याला 'ओपन अँगल' काचबिंदू म्हणतात. यात दुखत नाही, डोळा लाल होत नाही. दुसऱ्या प्रकारात रंगीत पडदाच पुढे सरकून कोन बंद करतो. कोन एकदम बंद झाला तर डोळा लालभडक होतो, अर्धं डोकं ठणकतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे घरचे 'पित्त झालंय' म्हणून सोडा देतात आणि महत्त्वाचे तास निघून जातात. सुश्रुतसंहितेत 'अधिमंथ' या नावाने डोळा घुसळल्यासारख्या वेदनांचं वर्णन आहे, आणि उपचार न झाल्यास काही दिवसांत दृष्टी जाते असंही सांगितलं आहे. आयुर्वेदाचे आजचे अभ्यासक त्याची सांगड याच तीव्र प्रकाराशी घालतात. न दुखणारा प्रकार मात्र डोळ्याच्या आत डोकावता येईपर्यंत कुणाला ओळखताच आला नाही.

ती सोय 1851 मध्ये हेल्महोल्ट्झच्या ऑफ्थॅल्मोस्कोपने झाली. डोळ्याच्या तळाशी, मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तोंडाशी खड्डा पडलेला डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसू लागला. 1857 मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी रंगीत पडद्याचा छोटा तुकडा काढून तीव्र काचबिंदू बरा करून दाखवला. दाब उतरला की नजर वाचते, हे डोळ्यांदेखत सिद्ध झालं. दाब म्हणजेच काचबिंदू हे समीकरण तिथूनच पक्कं झालं.

21 आला कुठून

दाब मोजायचं पहिलं सुटसुटीत यंत्र नॉर्वेच्या यालमार श्योट्झ यांनी 1905 मध्ये दिलं. आपल्याकडच्या शिबिरांत ते अनेक वर्षं वापरलं गेलं. रुग्णाला आडवं निजवायचं, डोळा बधिर करणारा थेंब टाकायचा आणि स्वतःचा अंगठा वर धरून त्याच्याकडे एकटक बघायला सांगायचं. मग 5.5 ग्रॅमचं वजन असलेलं ते उपकरण थेट बुबुळावर अलगद ठेवायचं, काटा कुठे थांबतो ते बघायचं आणि सोबतच्या तक्त्यावरून मिलिमीटर पाऱ्यातला दाब काढायचा. रुग्णाने श्वास रोखला किंवा पापणी आवळली तरी आकडा बदलतो.

1950च्या दशकात स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमन यांनी जास्त नेमकं यंत्र आणलं. मोठ्या रुग्णालयांत आजही तेच प्रमाण मानतात. डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळा प्रकाश पाडला की डॉक्टरला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम टेकेपर्यंत चकती फिरवायची. टेकल्या की चकतीवर आलेला आकडा तो दाब.

1958 मध्ये जर्मनीत व्होल्फगांग लायडहेकर आणि सहकाऱ्यांनी सुमारे 10,000 लोकांचा दाब मोजला. सरासरी 15 ते 16च्या दरम्यान आली. संख्याशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलनं गेलं की 21च्या आसपास पोचतो. 21च्या वर असलेल्याचा डोळा बिघडतो आणि खाली असलेल्याचा टिकतो, असं या अभ्यासाने कुठेही दाखवलेलं नव्हतं. हा आकडा लोकसंख्येतलं वितरण सांगणारा होता. पुढे पाठ्यपुस्तकांतून तो सीमारेषा होऊन बसला, आणि अजूनही अनेक केसपेपरांवर '21च्या आत, नॉर्मल' असा शेरा पडतो.

समीकरण दोन्ही बाजूंनी तुटलं

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या, 1991 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काचबिंदूच्या सुमारे निम्म्या रुग्णांचा दाब पहिल्या तपासणीत 22च्या खाली निघाला. जपानमधल्या ताजिमी शहरातल्या पाहणीने 2004 मध्ये यापेक्षा मोठा धक्का दिला. तिथल्या ओपन अँगल काचबिंदूच्या 92 टक्के रुग्णांचा दाब 21 किंवा त्याहून कमी होता. एरवी 'नॉर्मल' शेरा मिळालेली माणसं होती ती.

उलट बाजूचा पुरावा अमेरिकेच्या 'ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी'ने 2002 मध्ये दिला. दाब 24 ते 32 असूनही नस शाबूत असलेल्या 1,636 लोकांपैकी निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. पाच वर्षांत थेंब न घेतलेल्यांपैकी 9.5 टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेतलेल्यांपैकी 4.4 टक्क्यांना. थेंबांनी धोका निम्म्याहून खाली आणला, हे खरं. पण याच आकड्यांतून असंही दिसतं की चढा दाब घेऊन, औषधाविना, दहातले नऊ जण पाच वर्षं सुखरूप राहिले.

याच अभ्यासातून कॉर्नियाच्या जाडीचा मुद्दा ऐरणीवर आला. गोल्डमन यांनी आपलं यंत्र 520 मायक्रॉन जाडी गृहीत धरून बेतलं होतं. कॉर्निया पातळ असेल तर दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, जाड असेल तर जास्त. अमेरिकी अभ्यासातल्या लोकांची सरासरी जाडी 570 मायक्रॉनच्या पुढे होती.

महाराष्ट्राच्या दृष्टीने इथे एक काम फार मोलाचं आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे प्रा. योस्ट योनास यांच्या चमूने 2006 ते 2008 या काळात विदर्भातल्या खेड्यांमध्ये 30 वर्षांवरच्या 4,711 लोकांचे डोळे तपासले. 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' या नावाने तो अभ्यास ओळखला जातो. त्यात सरासरी दाब 13.6 आला आणि कॉर्नियाची सरासरी जाडी 514 मायक्रॉन. जर्मनीतल्या सरासरीपेक्षा हा दाब दोनाच्या आसपास कमी आहे. आपल्या शेतकऱ्याच्या डोळ्यात 19 किंवा 20 निघाला तर तो छापील मर्यादेत बसतो, पण त्याच्या गावच्या सरासरीपासून बराच वर असतो. परदेशी सीमारेषा जशीच्या तशी उचलण्याविरुद्ध यापेक्षा सरळ पुरावा क्वचितच सापडेल.

मग जाडीप्रमाणे दाब 'दुरुस्त' करणारं एखादं सूत्र का वापरू नये? अशी अनेक सूत्रं सुचवली गेली, पण एकावरही एकमत नाही. बहुतेक तज्ज्ञ जाडी मोजतात, ती पातळ असेल तर जास्त सावध राहतात आणि आकड्याशी खेळत नाहीत. पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी लेसरने चष्मा घालवलेल्या मुलांना तर हे आवर्जून सांगायला हवं. लेसरने कॉर्निया पातळ होतो, आणि पुढे आयुष्यभर त्यांचा दाब फसवा कमी दिसू शकतो.

शिवाय दाब दिवसभर एकसारखा राहत नाही. पहाटे आणि आडवं झाल्यावर तो चढतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात 75 योगाभ्यासींवर केलेल्या पाहणीत शीर्षासनात तो जवळपास दुप्पट झालेला आढळला. सकाळी अकरा वाजता ओपीडीत एकदा घेतलेला आकडा ही फक्त त्या क्षणाची नोंद असते.

नॉर्मल दाबातही नस का मरते

या प्रश्नाला निर्णायक उत्तर अजून मिळालेलं नाही. तीन दिशांनी शोध चालू आहे.

पहिली बाजू रक्तपुरवठ्याची. नसेच्या तोंडाशी रक्त कमी पोचलं तर साध्या दाबानेही इजा होऊ शकते. रात्री झोपेत ज्यांचं बीपी फार खाली उतरतं त्यांच्यात काचबिंदू जास्त वेगाने वाढतो, असं काही अभ्यास सांगतात. म्हणून बीपीची गोळी रात्री घ्यावी की सकाळी, यावर नेत्रतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्यात बोलणं व्हायला हवं. गोळी परस्पर बंद करणं मात्र धोक्याचं आहे.

दुसरी बाजू मेंदूभोवतालच्या पाण्याची. नस डोळ्यातून बाहेर पडते तिथे चाळणीसारखा पातळ पडदा असतो. त्याच्या पुढे डोळ्याचा दाब, मागे मेंदूभोवतालच्या द्रवाचा. मागचा दाब कमी असेल तर पुढचा 'नॉर्मल' दाबही त्या चाळणीला मागे ढकलतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या जुन्या नोंदी तपासून आणि पुढे बीजिंगमध्ये रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून प्रत्यक्ष मोजून या मांडणीला आधार मिळाला. नागपूरच्या अभ्यासातले योनास हे तिचे एक महत्त्वाचे पुरस्कर्ते. आक्षेप असा की हा दाब सुई टोचल्याशिवाय नीट मोजता येत नाही. अंदाजाच्या सूत्रांवर किती विसंबायचं, यावर वाद आहे.

तिसरी बाजू नसेच्या पेशींच्या ऊर्जेची. 2017 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात निकोटिनामाइड, म्हणजे बी3 जीवनसत्त्वाचं एक रूप, दिल्यावर नस बरीच टिकली. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत, मोठ्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्यांचा निकाल येईपर्यंत मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून मोठे डोस घेणं योग्य नाही.

दाबाची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद मात्र या सगळ्यानंतरही भक्कम आहे. कारण काहीही असो, दाब उतरवला की नुकसान मंदावतं. नॉर्मल दाबाच्या काचबिंदूवरच्या 1998 मधल्या चाचणीत दाब 30 टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांपैकी 12 टक्के बिघडले, न उतरवलेल्यांपैकी 35 टक्के. स्वीडनच्या 'अर्ली मॅनिफेस्ट ग्लॉकोमा ट्रायल'नुसार दाबातला एकेक मिलिमीटर कमी झाला की आजार वाढण्याचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी घटतो. ब्रिटनमधल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅटॅनोप्रोस्टचे थेंब खोट्या थेंबांशी ताडून पाहिले, तेव्हाही खरे थेंब घेणाऱ्यांची नजर अधिक टिकली. म्हणून आजची सर्वमान्य भूमिका अशी: दाब हा आजार नव्हे, आजाराचा एक धोका आहे, पण आपल्या हाताला लागणारा धोका तेवढा एकच. निदान दाबावर करू नये, ते नसेकडे बघून आणि कडेच्या नजरेच्या फील्ड टेस्टने करावं. उपचार मात्र दाबावरच करावा.

कोन बंद होणाऱ्यांचा वाद

भारतात आणि चीनमध्ये कोन बंद होण्याचा प्रकार युरोपापेक्षा जास्त दिसतो. ज्यांचा कोन नुसताच अरुंद आहे आणि त्रास काहीच नाही, त्यांच्या रंगीत पडद्याला लेसरने आधीच बारीक भोक पाडून ठेवावं का?

वेल्लोरच्या चमूने अशा 50 जणांची पाच वर्षांनी पुन्हा तपासणी केली; निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. 11 जणांचा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला होता, म्हणजे पाचात एकाहून अधिक. लेसर करा, असं म्हणणाऱ्यांना हा मोठा आधार वाटला. मग 2019 मध्ये चीनच्या ग्वांगझोमधल्या 889 जणांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेसर केलं, दुसरा तसाच ठेवला, आणि सहा वर्षं पाहिलं. लेसरने धोका जवळजवळ निम्मा झाला. पण मुळातला धोकाच इतका कमी निघाला, वर्षाला हजार डोळ्यांमागे आठापेक्षा कमी, की सरसकट लेसर नको असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

या निष्कर्षावर भारतीय नेत्रतज्ज्ञांचं म्हणणं विचारात घेण्याजोगं आहे. ग्वांगझोतले रुग्ण ठरलेल्या वेळी तपासणीला येत होते. ज्याला शहरात यायचं म्हणजे सकाळची एसटी, दिवसाची मजुरी आणि सोबतीला एक माणूस लागतो, तो दर सहा महिन्यांनी येईलच असं नाही. पावसाळ्यात घाटाखालच्या किंवा घाटमाथ्यावरच्या वाडीत रात्री झटका आला तर पुण्याला पोचेपर्यंत नस जाऊ शकते. अशा माणसासाठी आधीच लेसर करून ठेवणं शहाणपणाचं वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही. चाचणीचा निकाल आणि रुग्णाचं गाव या दोन्हींचं वजन करूनच निर्णय घ्यावा लागतो.

थेंब, लेसर की ऑपरेशन

दाब उतरवायची पहिली पायरी म्हणजे रोजचे थेंब, तेही आयुष्यभर. टिमोलॉल स्वस्त आणि जुनं औषध आहे, पण दम्याच्या किंवा मंद नाडीच्या रुग्णाला ते चालत नाही. लॅटॅनोप्रोस्ट रात्री एकदाच घालायचं असतं, परिणामही चांगला. पण न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि उघडल्यावर सहा आठवड्यांत संपवावी लागते. भात लावून बोटं कडक झालेल्या, घरात एकट्याच राहणाऱ्या आजींना मान मागे टाकून, पापणी ओढून, नेमका एक थेंब डोळ्यात पाडता येतो का, हे कुणीतरी एकदा समोर बसून बघायला हवं. अर्धी बाटली गालावर जाते. थेंब घालून दिसण्यात काहीच फरक पडत नाही, कारण गेलेलं परत येत नसतं. म्हणून 'गुण येत नाही' असं म्हणत औषध सुटतं.

म्हणूनच 2019 मधल्या ब्रिटिश 'लाइट' चाचणीची एवढी चर्चा झाली. तिच्यातल्या 718 रुग्णांपैकी निम्म्यांना आधी जाळीवर सौम्य लेसर केलं. तीन वर्षांनी त्यांतल्या सुमारे 74 टक्के रुग्णांना थेंबांची गरज नव्हती. लेसरचा परिणाम काळाने ओसरतो, आणि यंत्र मोठ्या रुग्णालयातच असतं. तरीही जिथे रोजचं औषध आणि दर महिन्याची दुकानफेरी दोन्ही कठीण, तिथे लेसर आधी करावं, या मताकडे कल वाढतो आहे.

ऑपरेशनचा विषय भारताला नवा नाही. पाण्याला नवी वाट करून देण्यासाठी डोळ्याला छोटं भोक पाडायची पद्धत मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट एलियट यांनी 1909 मध्ये रूढ केली. आजची ट्रॅबेक्युलेक्टमी 1968ची. पाण्याची वाट करणारी परदेशी नळी परवडत नाही, म्हणून मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त पर्याय बनवला. बंद कोनाच्या रुग्णांत मोतीबिंदू नसतानाही भिंग काढून टाकणं लेसरपेक्षा सरस ठरतं, असं 2016 मधल्या 'ईगल' चाचणीत दिसलं. पण चांगल्या नजरेच्या डोळ्यातलं भिंग काढायला किती डॉक्टर आणि किती रुग्ण तयार होतील, हा प्रश्न उरतोच.

एक इशारा इथेच द्यायला हवा. डोळा लाल झाला की मेडिकलमधून आणून घातले जाणारे स्टिरॉइडचे थेंब काही लोकांत दाब भयानक चढवतात, आणि तेही वेदना न होता. चिठ्ठीशिवाय ते महिनोन्‌महिने घालणं हे काचबिंदूचं टाळता येण्याजोगं कारण आहे.

रुग्ण शोधायचे कसे

भारतात 40 वर्षांवरच्या सुमारे 1.12 कोटी लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज 2010 मध्ये चेन्नईच्या तज्ज्ञांनी मांडला होता. तमिळनाडूतल्या अरविंद पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांना आजार असल्याचं आधी माहीतच नव्हतं. आपली यंत्रणा मात्र मोतीबिंदूभोवती उभी राहिली. 1976चा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आणि 1994 नंतरचा जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प (यातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता) यांचं मुख्य लक्ष्य मोतीबिंदू होतं, आणि ते योग्यही होतं, कारण त्याच्यामुळे आलेलं अंधत्व सर्वांत जास्त आणि उलटवता येणारं.

मग घरोघरी जाऊन सगळ्यांचा दाब मोजावा? हिशेब करून बघू. समजा 40 वर्षांवरच्या 1,000 लोकांत 25 रुग्ण आहेत, आणि चाचणी 85 टक्के रुग्ण पकडते नि 90 टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. 21 रुग्ण सापडतील, पण त्यांच्यासोबत सुमारे 97 निरोगी माणसंही 'संशयित' म्हणून पुण्याला जातील. नुसता दाब मोजला तर हा हिशेब याहून वाईट येतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा समितीने 2022 मध्येही सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. भारतात डॉ. रवी थॉमस यांच्यासारखे तज्ज्ञ वेगळा मार्ग सांगतात: मोहीम काढू नका, पण चष्म्यासाठी, मोतीबिंदूसाठी, कशासाठीही जो माणूस नेत्रतज्ज्ञापुढे बसला त्याचा दाब, कोन आणि नस तिन्ही बघितल्याशिवाय त्याला उठू देऊ नका. स्मार्टफोनला जोडलेला कॅमेरा आणि फोटो वाचणारी संगणकप्रणाली हे काम शिबिरापर्यंत नेईल, अशी काहींना आशा आहे. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण तिथे किती राहतं, यावर तिचं भवितव्य ठरेल.

वेल्हे परिसरातल्या रुग्णाची वाट ठरलेली असते: आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, मग औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून किंवा महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय. मोतीबिंदूसाठी जे शहरात पोचतात त्यांची नस तिथे तपासली जाते. तक्ता वाचून घरी गेलेल्यांना गाठायचं तर सर्वांत स्वस्त धागा नात्याचा आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याचा धोका 22 टक्के निघाला, इतरांच्या घरात 2.3 टक्के. म्हणजे वाडीत एक रुग्ण सापडला की पुढची नावं त्याच्याच घरात मिळतात: पाठचा भाऊ, पलीकडच्या गावात दिलेली बहीण, आणि चाकणला किंवा मुंबईला नोकरीला असलेली, चाळिशी गाठलेली मुलं. रुग्णाच्या केसपेपरवर ही नावं लिहून घ्यायची आणि आशाताईंकरवी निरोप पाठवायचा, एवढ्याला नवं यंत्र लागत नाही.